मी सोबत गेलो नाही तो शनिवार

वाटूरच्या फाट्यावर चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चार पत्रे, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि आडव्या बांबूला टांगलेल्या जुन्या टायरी, एवढंच. चाचांना वाचता येत नव्हतं, पण चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढण्यात आसपास त्यांच्यासारखं कुणी नव्हतं. चाक फिरवायचे, एक डोळा मिटून रिमकडे बघत राहायचे आणि जो स्पोक ढिला असेल नेमकी त्यालाच चावी लावायचे.

आठवड्यातून एखाद दिवस दुकान बंद असे. त्या दिवशी चाचा कुणाच्या तरी सोबत गेलेले असत. कुणाला परतूरला तहसीलमध्ये दाखला काढायचा असे, कुणाच्या सुनेला जालन्याला दवाखान्यात दाखवायचं असे. कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, कुणाला काय विचारायचं, हे माहीत नसलेली माणसं आमच्याकडे पुष्कळ होती. चाचा नुसते सोबत जात. जाताना हवेचा पंप बाहेर खांबाला बांधून ठेवत, ज्याला लागेल त्याने हवा भरून घ्यावी म्हणून.

माझ्याही सोबत ते एकदा आले. जालना जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मी बारावी पास झालो होतो आणि जालन्याच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी, ऐन पेरणीत त्यांना निघता येईना. चाचांनी न सांगता दुकान बंद केलं आणि एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले.

खिडकीवरच्या कारकुनानं माझा अर्ज परत केला. गुणपत्रिकेच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्का नव्हता. असा अधिकारी कसा असतो हेच मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"रडून काय राह्यला? थांब," चाचा म्हणाले आणि सरळ शिपायाकडे गेले. "भाऊ, ते राजपत्रितवाले साहेब जवळ कुठं भेटतेत?"

शिपायानं आधी त्यांच्या ग्रीसनं माखलेल्या पायजम्याकडे बघितलं, मग म्हणाला, "मागच्या गल्लीत जनावरांचा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर करतात सही."

आम्ही धावत गेलो. डॉक्टर एका म्हशीला तपासत होते. हात धुऊन त्यांनी सही केली, शिक्का मारला. माझा प्रवेश झाला. येताना एसटीत चाचा शेजारच्या माणसाला सांगत होते, "ह्याला ढोरांच्या डॉक्टरनं कॉलेजात घातलं. आता बराबर शिकंल."

मी बी.ए. झालो. आमच्या घरात, आमच्या गल्लीतही, मी पहिलाच. पुढे जालन्यातच एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो. गावाकडची माणसं कामं घेऊन येऊ लागली. मी त्यांना चिठ्ठी देत असे. अमुक कार्यालयात माझ्या ओळखीचे अमुक आहेत, त्यांना ही दाखवा, काम होऊन जाईल. माझं अक्षर चांगलं होतं. चिठ्ठी लिहिताना आपण गावाच्या उपयोगी पडतोय असं मनापासून वाटे, आणि मान मिळे तो वेगळाच.

एका शनिवारी चाचा आले. बल्बभोवती रंगीत कडी दिसतात, डोळा दुखतो, कडेनं येणारा माणूस दिसतच नाही, म्हणाले.

"कव्हापासून?"

"झाले दोन-तीन महिने. दुसऱ्याच्या कामानं जालन्याला येऊन राह्यलो, मंग माझं राहूनच जातं."

सोमवारी आमच्याकडे तपासणी होती, टेबलावर फायलींचा ढीग होता. पण तासाभराची सवड मागितली असती तर साहेबांनी नाही म्हटलं नसतं. खरं सांगायचं तर मला ती मागावीशी वाटली नाही. चाचांचा तोच पायजमा होता, आणि माझ्या टेबलाभोवतीची माणसं बघत होती. तपासणीचं कारण सांगून मी मोठ्या दवाखान्यातल्या ओळखीच्या कंपाउंडरच्या नावानं चिठ्ठी लिहिली. चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "आता काय, साहेबाची चिठ्ठी हाय," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर मी गावी गेलो तो दिवाळीला, सहा-सात महिन्यांनी. चाचा दुकानात चाक फिरवत होते, पण रिमकडे बघत नव्हते. बोट रिमला टेकवून आऊट शोधत होते.

"चाचा, डोळ्याचं काय झालं?"

"काय न्हाई. वय झालं."

"दवाखान्यात गेल्ता ना तुम्ही?"

"गेल्तो की. तुझा माणूस रजेवर होता."

मग हळूहळू कळलं. त्यांनी दारातच चिठ्ठी दाखवली. जो तो त्यावरचं नाव वाचून सांगे, ते रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्यांच्या कामांत तो पुढचा आठवडा राहूनच गेला. चिठ्ठी नसती तर चाचांनी केसपेपर काढला असता आणि रांगेत बसले असते, जसे ते दुसऱ्यांना घेऊन कितीदा बसले होते. माझ्या चिठ्ठीनं त्यांना एकाच माणसाच्या दारात नेऊन उभं केलं, आणि तो माणूस तिथं नव्हता.

"मंग नुसती रांग का नाही लावली?"

चाचा रिमवरचं बोट न काढता म्हणाले, "दुसऱ्यासाठी कुणालाबी विचारतो मी. सोतासाठी लाज वाटती. आन् तू चिठ्ठी दिल्ती. ती सोडून दुसरीकडून घुसलो असतो तर तुझं नाव खराब झालं असतं."

"मला येऊन सांगायचं ना."

"तुझी तपासणी होती ना बेटा."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेला होता. उजव्यात थोडं उरलं होतं, ते थेंबांनी टिकेल तितकं टिकवायचं. गेलेलं परत येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. वेळेवर आला असता तर, असं ते म्हणू लागले आणि माझ्याकडे बघून थांबले.

चाचांचं दुकान दोन वर्षांत बंद झालं. मी मात्र दर महिन्याला त्यांच्यासोबत दवाखान्यात जाऊ लागलो. चिठ्ठ्या लिहिणं बंद केलं. गावचं कुणी आलं तर टेबलावरून उठून सोबत जातो. लोक त्याबद्दल चांगलं बोलतात, तेव्हा मला तिथून निघून जावंसं वाटतं.

एकदा रांगेत बसलो असताना एक म्हातारी केसपेपर हातात घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला रक्त तपासणीचं विचारत, इकडून तिकडे फिरत होती. चाचांना तिचा नुसता आवाज येत होता. ते मला म्हणाले, "तिला रक्ताच्या खिडकीकडं जायचंय बहुतेक. जा, सोडून ये. मी बसतो हितं."

मी गेलो. खिडकी दाखवली, तिच्या रांगेत उभा राहिलो, रक्त देऊन झाल्यावर तिला बाकावर बसवून परत आलो. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली होती.