अक्काला वाचून दाखवलेली पानगळ

पानगळ मी आधी पुस्तकात पाहिली. बंगळूरची झाडं पानं टाकतात ती आपापल्या सोयीनं. एक झाड उघडं पडतं तेव्हा शेजारचं फुलांनी लगडलेलं असतं. सगळ्या गावानं मिळून एका महिन्यात तांबडं होऊन मोकळं व्हावं, असा प्रकार आमच्याकडे नाही. पण शाळेतून येताना मी दंडूतल्या, म्हणजे छावणीतल्या, एका दुकानातून आठवड्याला एक इंग्रजी कादंबरी वाचायला आणत असे आणि त्या सगळ्यांत पानगळच चाललेली असे. अमेरिकेतलं एखादं चिमुकलं गाव, घरात शेकोटीची ऊब, खिडकीबाहेर लाल पानं, पाव-केकचं दुकान चालवणारी कुणी एकटी बाई आणि शहराला कंटाळून आलेला कुणी अबोल सुतार, नाहीतर डॉक्टर. पहिला बर्फ पडायच्या आत दोघांचं जमायचंच. मला पंधरावं लागलं होतं आणि याहून चांगलं साहित्य जगात असेल असं मला वाटत नव्हतं.

या कादंबऱ्यांना माझ्याखेरीज आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे अक्का. अक्का माझी आत्या. धाकट्या काकांची ती अक्का, म्हणून साऱ्या घराची अक्का. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती पेटेतल्या, जुन्या बाजारवस्तीतल्या, आमच्या घरी परत आली. मी सांगतेय त्या वेळी ती बत्तीस-तेहतीसची असेल. बोलताना ती 'बरं'च्या जागी कानडी 'सरी' म्हणे. मराठी आणि कानडी ती झरझर वाची, इंग्रजी मात्र तिला येत नव्हतं. म्हणून दुपारची जेवणं झाली की ती मागच्या पडवीत विळी घेऊन संध्याकाळची भाजी चिरायला बसे आणि मी शेजारी बसून इंग्रजी पानावर नजर ठेवून तिला मराठीत गोष्ट वाचून दाखवी. सुट्टीच्या दिवशी तर आम्ही चहापर्यंत हलत नसू.

हे भाषांतर मी मोठ्या दिमाखात करी. तिकडे पानगळीत लाल भोपळ्याचा एक गोड पदार्थ करतात, त्याचे मी घारगे करून टाकले. नायिकेनं सुताराला घारगे खायला घातले हे ऐकून अक्का म्हणाली, "बाई शहाणी दिसते." पानांचं वर्णन आलं की मात्र ती चिडायची.

"इतकी पानं पडतात तर झाडतं कोण ग?"

"कुणी झाडत नाही अक्का. लोक नुसते बघत बसतात."

"बघत बसतात! सरी. म्हणजे त्या घरात विधवा नणंद नसणार."

हे तिनं हसत म्हटलं होतं. तो शब्द तिच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला, कारण आमच्या घरात तो उच्चारायचा नाही असा दंडक होता. अक्कासमोर तसलं काही बोलायचं नाही, हे आईनं मला कळायला लागल्यापासून बजावलं होतं. आणि पंचाईत अशी की त्या कादंबऱ्यांतल्या निम्म्या नायिका विधवाच असत. दुकान नवऱ्यामागे चालवायला घेतलेलं, घरात त्याची रिकामी खुर्ची, आणि मग हळूहळू तो सुतार. मी काय करी, तर मेलेल्या नवऱ्याच्या जागी मेलेला बाप घाली. एकीला मुलगा होता, त्याला मी भाचा केला. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला माझ्या समजूतदारपणाचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे ती सवयच झाली आणि अक्कानं दोन वर्षांत डझनावारी लग्नं ऐकली, ती सगळी कुमारिकांची.

त्या वर्षी दसऱ्यानंतर समोरच्या खोलीत राहणारे एक गृहस्थ अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भेटायला आले. ते बेळगावकडचे. इथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि त्यांची बायको वारून तीन वर्षं झाली होती. रविवारी आमचा पेपर वाचायला येत, अक्का चहा आणून ठेवी, इतकीच ओळख. त्या दिवशी त्यांनी पेपर मागितला नाही.

"मला आडवळणानं बोलाय येत न्हाई बघा," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीला विचारून सांगा. न्हाई म्हटल्या तरी मी राग धरणार न्हाई."

मी दाराआड होते. आई आत जाऊन रडली. अण्णा भला माणूस. त्यांनी अक्काला समोर बसवून सांगितलं, "माझी हरकत नाही. लोकांचं मी बघतो. तू चार दिवस विचार कर आणि सांग."

तिसऱ्या दुपारी आम्ही नेहमीसारख्या पडवीत बसलो होतो. ती गवार मोडत होती. माझ्या मांडीवरच्या पुस्तकात एक चित्र होतं. काळ्या कपड्यातली बाई थडग्याशी उभी, हातात फुलं, पायाशी पानांचा खच. ही बिचारी बापासाठी रडतेय, असं मी सांगून मोकळी झाले होते. अक्कानं ते चित्र थोडा वेळ पाहिलं, मग गवार खाली ठेवली.

"तुझ्या या पुस्तकांत माझ्यासारखी कुणी असते का ग?"

उत्तर माझ्या मांडीवर होतं. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्या बाईचं लग्न व्हायचं होतं, तेही मी आदल्या रात्री वाचून काढलेलं होतं. मला एवढंच सांगायचं होतं की हो, असते, सगळीकडे तीच असते. पण माझ्या मनात काय आलं, तर माझ्या वेण्या आता कोण घालणार? दुपारी माझं कोण ऐकणार? आणि आत्याचं लग्न आहे हे शाळेतल्या मुलींना कळलं तर त्या कशा फिदीफिदी हसतील!

"नाही अक्का," मी म्हणाले. "तसल्या नसतात."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. 'तसल्या' हा शब्द आठवला की अजून माझे कान तापतात.

"सरी," ती म्हणाली. "वाच पुढं."

आणि मी वाचलं. त्याच संध्याकाळी तिनं अण्णांना नकार सांगितला. का म्हणून विचारल्यावर म्हणाली, माझं सगळं इथंच आहे. ते गृहस्थ बोलल्याप्रमाणे रागावले नाहीत, पण संक्रांतीच्या आधी खोली सोडून गेले. मला तेव्हा वाईट वाटलं असतं तर निदान आज तेवढं तरी सांगता आलं असतं. मला हायसं वाटलं होतं. मॅट्रिक होईपर्यंत मी तिच्याकडून वेण्या घालून घेतल्या.

लाज आली ती उशिरा, माझं स्वतःचं लग्न होऊन मी पुण्याला गेल्यावर. संध्याकाळी नवऱ्याची चाहूल लागली की मला ती पडवी दिसायची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा दुसऱ्याच दुपारी अक्का माझ्या डोक्याला तेल लावायला बसली. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. पाठमोरी होते म्हणूनच मला बोलता आलं. बाप आणि भाचे, थडग्याशी उभी असलेली बाई, शेवटच्या पानावरचं लग्न, सगळं मी रडत रडत सांगितलं.

तिचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "चित्र होतं की. दंडूतली थडगी काय मी बघितली नव्हती? बापासाठी कुणी तसं उभं राहत नाही."

"मग मला विचारलंस कशाला?"

"पुस्तकातल्या बाईचं कुठं विचारत होते? अण्णा हो म्हणाला होता. वहिनी रडली, पण नाही म्हणाली नव्हती. तुझं तेवढं राहिलं होतं."

मी मागे वळायला गेले.

"स्वल्प थांब, मान खाली कर," अक्का म्हणाली, आणि तिनं माझ्या वेणीचे तीन पेड हातात घेतले.