आईच्या टॅबचा वेग

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित सांगता येईल. ओळखीच्या एकाही माणसापुढे हे माझ्या तोंडून निघालेलं नाही. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं. मग मी उठून काहीतरी काम काढलं.

बुऱ्हाणपुरात, शनवारा वेशीच्या आतल्या बाजूला, आमचं घर आहे. घरात आई आणि मी. मी मंदा, एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लग्न केलं नाही. मोठा भाऊ, दिलीपदादा, तेव्हा मस्कतला असायचा, एकटाच, कारण त्याचं लग्न टिकलं नव्हतं. वडिलांच्या आजारपणात आमचं भांडण झालं होतं आणि त्यानंतर आम्ही एकमेकांना फोन करणं बंद केलं होतं. तो फोन करायचा आईला. टॅबवर, व्हिडिओ कॉल, रविवारी चार वाजता.

वडील गेले त्याच वर्षी मी घरात मीडिया सर्व्हर बनवायचं ठरवलं. वडिलांनी काढलेल्या व्हिडिओ कॅसेटी होत्या, त्यांना बुरशी लागत चालली होती. सगळं एका जागी आणायचं, कुठल्याही खोलीत बसून बघता यावं, एवढीच इच्छा. महिनाभर मी वहीत आकृत्या काढत होते. शाळेतून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर, त्यात दोन सारख्या डिस्क, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सगळं शिल्लक. खोल्याखोल्यांतून वायर. इंटरनेटचा लाइनवाला म्हणाला, "मॅडम, घर के अंदर तो हवा जैसा चलेगा, बाहर की लाइन का मैं नहीं बोल सकता." खरंच होतं ते. घरातला वेग भरपूर होता, बाहेर जाणारी लाइन मात्र बारीक.

आणि मला कॅसेटींची आणखी एक प्रत बाहेर, ऑनलाइन ठेवायची होती. ती चढायला दिवसच्या दिवस लागणार होते. मग मी राउटरमध्ये जाऊन बाकीच्या यंत्रांचा बाहेरचा वेग कमी केला. टीव्हीचा केला. आईच्या टॅबचा केला. फोटो जेमतेम उघडेल, इतकाच ठेवला.

त्या रविवारी दादाचा कॉल अडकला. त्याचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने तसाच थांबला, आवाज तुकड्यातुकड्यांनी आला आणि बंद झाला. आई म्हणाली, "मंदे, बघ ना, हा थांबून गेला."

"लाइन खराब आहे," मी म्हणाले.

तेव्हा मी खोटं बोलले नव्हते — निदान पूर्ण खोटं नाही. सोमवारी प्रत चढून झाली. मी टीव्हीचा वेग पूर्ववत केला. टॅबच्या नावावर बोट ठेवलं. आणि त्याचा वेग तसाच ठेवून राउटरचं पान बंद केलं.

का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. रविवारी आई दुपारी तीनलाच वेणी घालायची, इस्त्रीचं पातळ नेसायची. दादा तिला विचारायचा, "मंदा औषध वेळेवर देते ना?" आणि आई म्हणायची, "देते रे, पण हात कडक आहे तिचा." मी स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकायचे. आठवड्याचे सहा दिवस त्या हातांनी तिला आंघोळ घातलेली असायची. पण हे कारण आहे का? हे सांगितलं की ते लहान होतं का? नाही होत. मला त्या रविवारी बरं वाटलं होतं, एवढंच खरं आहे.

मी तो वेग दोन वर्षं तसाच ठेवला.

आई चिडेल, कंटाळेल, कॉल घेणं सोडेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ती त्या थांबलेल्या चेहऱ्याशी बोलायला लागली. "काय करून राहिला रे? जेवला का?" मग गप्प बसायची, अगदी उत्तर यायला लागेल तेवढा वेळ. मग मान हलवायची. "हो का? मग डॉक्टरला दाखव ना." आतून मला फक्त तिचा आवाज यायचा — मधे शांतता, पुन्हा तिचा आवाज. आणि त्या शांततेत कोणीतरी बोलतंय असं वाटायचं. तरीही मी दाराच्या पडद्याआड उभी राहायचे.

एका रविवारी ती बाहेर आली आणि म्हणाली, "दिलीपच्या छातीत दुखतं म्हणतो. तू फोन कर त्याला."

मला माहीत होतं किती वेग ठेवला आहे ते. त्यातून एवढं वाक्य येणं शक्य नाही, असं माझं गणित होतं. "आई, काही ऐकू येत नाही त्याचं. तू मनानेच बोलतेस," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी ती पुन्हा म्हणाली. त्याच्या पुढच्याही.

त्या सुमारास मी सर्व्हरवर फोटो नीट लावत होते. घरातल्या सगळ्या फोन-टॅबचे फोटो आपोआप त्यावर यावेत अशी सोय मीच केली होती. आईच्या फोल्डरमध्ये साठ-सत्तर चित्रं होती. टॅब दोन्ही हातांनी घट्ट धरताना तिच्याकडून दोन बटणं एकदम दाबली जायची आणि पडद्याचा फोटो निघायचा. प्रत्येक चित्रात दादाचा अडकलेला, चौकटी-चौकटींनी फुटलेला चेहरा, आणि कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत आई, पुढे झुकलेली. मी एकामागून एक पाहत गेले. तो उतरत चालला होता. गाल आत गेलेले. शेवटच्या काही चित्रांत त्याचा एक हात शर्टाच्या वरच्या गुंड्यांवर होता. तीन वेगवेगळ्या रविवारी, हात त्याच जागी.

मी फोल्डर बंद केलं. फोन केला नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा मला फोन आला. दादाला ऑपरेशनला आत नेलं होतं. मी उभ्या उभ्या राउटर उघडला आणि टॅबचं बंधन काढलं. अर्धं मिनिट लागलं असेल.

तो वाचला. दोन-अडीच महिन्यांनी नोकरी सोडून घरी आला, काठीसारखा बारीक होऊन. एका सकाळी आम्ही तिघं पोहे खात होतो. ताटलीकडे बघत तो म्हणाला, "मी आईला तीनदा सांगितलं होतं. म्हटलं, मंदाला फोन करायला सांग. तुझा आला नाही. मला वाटलं, अजून रागातच असशील."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? माझ्यापुढे पोहे होते, भाऊ होता, आई होती. सांगायला याहून सरळ जागा मिळाली नसती.

मी म्हणाले, "आई विसरते रे आताशा."

आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग दादाला म्हणाली, "हो बाबा. विसरली असेन मी."

दादा तिला इंदूरला दाखवायला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं, स्मरणशक्तीसाठी गोळी दिली. ती गोळी रोज रात्री मी तिच्या तळहातावर ठेवते. त्या सकाळनंतर तिने कुणाचा निरोप मला सांगितलेला नाही.

आता दादा घरातच असतो. तरी रविवारी तीनला आई वेणी घालते, चारला टॅब घेऊन बसते. कॉल कोणाचा येणार? ती सर्व्हरवरचं ते फोल्डर उघडते. कसं उघडायचं ते मी तिला शिकवलेलं नाही. एक फुटका चेहरा काढते, आणि बोलते. दादा समोर बसला असला तर त्याला म्हणते, "तुम्ही जरा बाहेर बसा, मुलाशी बोलायचं आहे." "अहो-जाहो" करते ती त्याला. तो काठी घेऊन तापीकडे फिरायला जातो.

परवाच्या रविवारी तो असाच गेला होता. मी पडद्याआड उभी होते. आई हळू बोलत होती.

"सांगितलं होतं रे मी तिला. तीनदा." मग ती थांबली. बराच वेळ थांबली, मान एका बाजूला करून, ऐकत असावी तशी. "नाही, नाही. तसं बोलू नको. तिचं कोण आहे दुसरं?"

पुन्हा शांतता. मला त्या खोलीत जाता येईना, मागेही फिरता येईना.

दादा आला. चपला काढता काढता त्याने आतल्या आवाजाकडे कान दिला आणि विचारलं, "काय बोलते गं ती दर रविवारी त्या फोटोशी?"

"काही नाही," मी म्हणाले. "असंच, असंबद्ध."