कॉम्प्युटरची उलटी खोपडी

मित्रांनो, मंडळाच्या भिंतीवर हा कागद चिकटवतोय, जाता-येता वाचा.

अंधेरीच्या आमच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आलाय. खोलीला एसी आहे, मस्त झोप येते, पण ते जाऊ दे. जुन्यावर कॉपी करताना आधी 'कुठे' लिहायचं, मग 'कुठून'. हा दीडशहाणा नेमका उलटा! मला कोण सांगणार?

आमच्या ऑफिसातल्या शिंदेबाईंनी चार दिवस खपून सगळ्या कामगारांची नावं-पत्ते टाईप केले होते. आज मी ती नवी यादी गेल्या वर्षीच्या यादीच्या जागी कॉपी करायला गेलो, जुन्या सवयीने लिहिलं आणि त्यांच्या नव्या यादीवर गेल्या वर्षीची यादी जाऊन बसली. वाट लागली!

"अरे मेल्या, विचारायचंस तरी!" बाई ओरडल्या.

"बाई, मशीनने तरी कुठे विचारलं?"

यंदाची ही तिसरी नोकरी. आधीच्या दोन अशाच गडबडीत सोडून पळालो. आजही पाणी पिऊन येतो सांगून सटकलो, तर खोलीबाहेर काढलेल्या माझ्या चपलांपैकी एकच जागेवर.

आतून बाईंचा आवाज आला, "दुसरी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ये, नावं वाच, मी टाईप करते."

संध्याकाळी अर्धी यादी झाली. बाईंनी चप्पल परत दिली, उद्या ये असंही म्हणाल्या नाहीत.

आता उद्या कसा नाही जाणार, तुम्हीच सांगा ना यार?