घोड्यांचं ऐकणारा माणूस

विकासचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात होते. नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. तो म्हणाला, "ताई, नाना गेले. पहाटे. अगदी शांतपणे." मी विचारलं, "नाकपुड्या कशा होत्या त्यांच्या?" त्यानं फोन ठेवून दिला.

त्याला राग आला, आणि यायलाच हवा होता. वडील गेल्याचं सांगणाऱ्या मुलाला कुणी असं विचारत नाही. पण मी विचारलं, आणि आता काही आठवडे उलटून गेले तरी मला तेच विचारायचं आहे. दहाव्याला, तेराव्याला, नंतर रस्त्यात, जो भेटला त्यानं हेच ऐकवलं की शांतपणे गेले, पुण्यवान माणूस. कुणी पाहिलं? गप्प उभं असलेलं जनावर सुखात आहे असं धरून चालू नका, हे ज्यानं जन्मभर लोकांना ओरडून सांगितलं, त्याच्याच नावाला 'शांत' हा शब्द चिकटवून सगळे पंगतीला बसले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, पाचोडचे. जमीन बक्कळ, मिशा झुपकेदार आणि आवाज असा की बाजारात या टोकाला बोलले तर त्या टोकाला ऐकू जावं. नम्रता वगैरे त्यांच्या वाटेला कधी गेली नाही. कुणाचं घोडं लंगडताना दिसलं की मालकाची चारचौघांत हजेरी घ्यायचे, मग तो ओळखीचा असो नसो. घोड्यांचा नाद वडिलांकडून आलेला. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या फौजेतली जनावरं विकायला निघाली तेव्हा त्यांच्या वडिलांनी एक उंच तपकिरी घोडी पाचोडला आणली. नाना तेव्हा चड्डीत होते. घोडी देखणी, पण मराठीत काही सांगितलं की ढिम्म हलायची नाही, कारण सगळे हुकूम तिला उर्दूतच ठाऊक. शेवटी घरातल्या माणसांनीच तिची भाषा उचलली. ती घोडी गेली, तिच्यामागून कितीतरी शिंगरं त्याच पागेत जन्मली आणि म्हातारी झाली, पण रीत राहिली. माणसांशी मराठी, घोड्यांशी दखनी उर्दू. काकू नानांना "अहो, जेवून घ्या की," असं ओरडायच्या आणि त्याच दमात परसातल्या घोडीला "आओ बेटा, खाना खालो" म्हणायच्या. लहानपणी मला वाटायचं, घोडीला काकू जास्त प्रेमानं बोलावतात.

मोठेपणी मी नानांकडं गेले ती सही मागायला. वरातीत घोड्या नाचवण्याविरुद्ध आम्ही काही पोरंपोरी शहरात मोहीम चालवतो. बीड बायपासला लग्नाच्या लॉन्सबाहेर उभं राहायचं, पत्रकं वाटायची, शिव्या खायच्या. माझ्या पहिल्या पत्रकाची सुरुवात होती, 'डीजेच्या भिंतीपुढं घोडी वेदनेनं किंचाळते आणि तुम्ही टाळ्या वाजवता.' खाली घोडेवाल्या जमीनदाराची सही असली तर वजन पडेल, असा माझा विचार. नानांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"हे कुत्र्याचं पत्रक हाय," ते म्हणाले. "दुखलं की कुत्रं केकाटतं. घोडं केकाटलं असतं तर रानात लांडग्यानं कवाच फाडलं असतं त्याला. लई दुखायला लागलं की घोडं गप होतं. एकदम गप. तू किंचाळी ऐकायला लोकं बोलवशील, ती काय त्यांना ऐकू यायची नाय. मग तेच तुला इचारतील, कुठं दुखतंय बाई?"

मी चिडले. आमच्यात चिडायला मी कुणाला हार जात नाही. मग लिहू काय, असं विचारलं तर ते उठून पागेकडं चालायला लागले. तिथं नूरी होती, त्यांची शेवटची घोडी. त्या दुपारी त्यांनी मला तिच्याजवळ उभं केलं आणि बघायला लावलं. दोन्ही कान पुढं टवकारले म्हणजे समोर काहीतरी दिसलंय. एक कान मागं वळला म्हणजे ती तुझं ऐकतेय, बोलत राहा. दोन्ही कान मानेला चिकटले की बोलणं बंद कर आणि बाजूला हो. चाऱ्याची पाटी दिसली की घशातून येणारी मऊ घुरघुर वेगळी, अनोळखी वासाला नाकातून काढलेली फुरफुर वेगळी. मागचा एक पाय नुसत्या टोकावर टेकवून नूरी उभी राहिली तेव्हा त्यांनी विचारलं, ही काय करतेय? आराम, असं मी म्हणाले. शेपूट न बघताच बोललीस, असं ते खेकसले. शेपूट सैल असेल तर आराम, बुडाशी आवळलेलं असेल तर लाथ. आणि दुखणं बघायचं तर नाकपुड्या बघायच्या. त्या आवळतात, जबडा घट्ट होतो, डोळ्यावरची पापणी कोपऱ्यात ताणते, आणि जनावर पुन्हा पुन्हा आपल्याच कुशीकडं बघतं. दुखणं उतरलं की तोंड सैल पडतं, जीभ ओठांवरून फिरते, समोर काही नसताना घोडं चघळायला लागतं. सही मात्र त्यांनी दिली नाही.

त्याऐवजी ते स्वतःच आले. लग्नसराईत एका संध्याकाळी बायपासच्या दुभाजकावर माझ्याशेजारी उभे राहिले, हातात काठी, पांढरा कडक शर्ट. वरात आली. पांढरी घोडी, तिच्यावर नवरदेव, पुढं स्पीकरची भिंत, आणि पोरांनी घोडीभोवती कडं केलेलं. घोडी पुढचे पाय आपटत होती, मान झटकत होती, आणि प्रत्येक झटक्याला शिट्ट्या. क्या नाच रही है, क्या नाच रही है... नाना मोठ्यानं सांगायला लागले. "ती म्हनतीया, मागं जागा द्या. आता म्हनतीया, सांगितलेलं कळलं नाय का. मामा, सरका तिथून, ती परत सांगायची नाय."

नवरदेवाचा मामा नेमका घोडीच्या मागं नाचत होता. तो म्हणाला, "आजोबा, घोडीनं तुम्हाला फोन केला व्हय?"

"केला की," नाना म्हणाले. "तू उचलला नाय, म्हनून मला केला."

लोक हसले. हसताना मामा दोन पावलं बाजूला झाला तेवढ्यात लाथ बसली, ती दिव्यांच्या हातगाडीवर. काचा सगळीकडं. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. नवरदेव स्वतः खाली उतरला आणि मांडवापर्यंत चालत गेला. आमच्या साऱ्या मोहिमेतला घोडीवरून उतरलेला तो पहिला नवरदेव.

पण नानांना देवमाणूस करून ठेवायला मी हा लेख लिहीत नाही. त्याच रात्री पाचोडला परतताना गाडीत, अडूळ गाव मागं पडल्यावर, मी विषय काढला. त्यांच्या तरुणपणी पाचोडच्या पागेतही घोडी नाचायला शिकवली जायची. पाय दोरानं खांबांना बांधायचे, ढोलकीच्या ठेक्यावर नडगीला छडी लावायची, पाय उचलेपर्यंत. असा एक घोडा नानांनी माळेगावच्या जत्रेत मिरवलाही होता. मी विचारलं, "तो घोडा तुम्हाला काय सांगत होता, नाना?" त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. कान मागं जाण्याची सोय माणसाला असती, तर ते गेलेले मला दिसले असते.

"सगळं सांगत होता," ते म्हणाले. "मला बक्षीस पायजे होतं."

मी त्यांना माफ केलं नाही. त्यांनीही माफी मागितली नाही. पुढच्या पत्रकात किंचाळी नव्हती, घोडीच्या कानांची चित्रं होती. त्यावर त्यांनी सही केली आणि 'लाथ बसल्यास घोडी जबाबदार नाही' हे वाक्य खाली आपल्या हातानं घातलं.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शहरातल्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा खोलीत उदबत्ती, मोबाईलवर हळू आवाजात जप, आणि पलंगाभोवती नातेवाईक. बघ किती शांत पडलेत, मला सांगण्यात आलं. आख्ख्या पाचोडात ज्याला कुणी गप्प करू शकलं नाही, तो माणूस हललाही नव्हता, आणि सगळ्यांना बरं वाटत होतं! मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. नाकपुड्या आवळलेल्या. जबडा दगडासारखा. पापणीचा कोपरा ताणलेला. चांगल्या पायाचा अंगठा चादरीखाली घासत होता, आणि नजर पुन्हा पुन्हा खाली, स्वतःच्या पोटाकडं जात होती.

सिस्टरला बोलावलं. तिनं कागद बघून सांगितलं, पेशंट कम्फर्टेबल आहे. मी म्हटलं, नाही. विकासनं माझा दंड धरला. "ताई, तुझं आंदोलन इथं नको." इथंच करणार, असं मी म्हणाले, आणि जी भाषा लॉनच्या गेटवर वापरते तीच तिथं वापरली. डॉक्टर येईपर्यंत वापरली. शेवटी मला बाहेर घालवायचं म्हणून का होईना, पण चादर वर केली गेली. लघवीची नळी मांडीखाली दुमडून बंद झाली होती. पोट तट्ट फुगलेलं. नळी सरळ केली, पिशवी भरत गेली... आणि नानांचा जबडा सुटला. जीभ ओठांवरून फिरली. तोंडात काही नसताना ते चघळायला लागले. मग त्यांनी डावा डोळा माझ्याकडं वळवला. मोबाईलवरचा जप चालूच होता. मी जाऊन तो बंद केला.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. त्या पहाटे मी तिथं नव्हते.

मागच्या आठवड्यात पाचोडला गेले. विकासनं नूरीचा व्हिडिओ काढून नेटवर टाकलाय, हजारो लोकांनी पाहिलाय. घोडी फाटकाकडं तोंड करून खिंकाळते, पार्श्वभूमीला रडकं गाणं, खाली 'मुकं जनावर मालकासाठी रडतंय.' मी त्याला गाणं बंद करून मूळचा व्हिडिओ लावायला सांगितलं. मूळच्यात दिसतं ते असं की मान उंच, कान ताठ पुढं, पोट हलेपर्यंत लांबलचक खिंकाळी, आणि मग नूरी थांबते. ऐकते. कळपातून एकटं पडलेलं घोडं हीच हाक देतं. मी इथं आहे, तू कुठं? मुकं म्हणे! ती प्रश्न विचारतेय आणि उत्तराची वाट बघतेय. विकासनं नेमकं ते थांबणं कापून टाकलं होतं, कारण त्यात काही घडत नाही.

हे सगळं मी त्याला सुनावलं. त्यानं व्हिडिओ थांबवला. मग म्हणाला, "ताई, त्या पहाटे मी चहा प्यायला खाली गेलो होतो. वर आलो तर संपलेलं. सिस्टर म्हणाली शांतपणे गेले, तेच मी तुला सांगितलं. मी काहीच बघितलं नाही गं."

म्हणजे कुणीच बघितलं नाही. मला भांडायचं होतं, आणि भांडायला समोर कुणी उरलं नाही. जे मला कळायला हवं आहे ते कधीच कळणार नाही, आणि हे मला अजून पचलेलं नाही.

तेवढ्यात नूरी पुन्हा खिंकाळली आणि थांबली. काकू दारात येऊन म्हणाल्या, हे होते तेव्हा कुठूनही घशातून उत्तर द्यायचे तिला, शेतातून, मोरीतून, जेवता जेवतासुद्धा. विकासनं मोबाईल खिशात ठेवला. कुंपणापाशी गेला आणि घशातून ओबडधोबड घुरघुरला. नूरीनं एक कान त्याच्याकडं वळवला. दुसरा फाटकाकडंच होता.