टेन्शनवालं वाक्य

कुसुमआत्याच्या मुलाचा, दादाचा फोन आला, "आई गेली गं"... तेव्हा माझ्या स्क्रीनवर आत्याचाच केस रिपोर्ट उघडा होता. शेवटची ओळ नुकतीच टाइप केली होती, रुग्णाची प्रकृती सुधारत आहे.

कुसुमआत्या चांदवडची, आणि इतकी संशयी बाई मी दुसरी पाहिली नाही! पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्यालाही आधी विचारायची, "कोणी धाडलं?" तिला अधूनमधून एकदम धडधडायचं, घाम फुटायचा, डोकं ठणकायचं. कितीतरी वर्षं डॉक्टर म्हणायचे, टेन्शन. शेवटी नाशिकला आमच्या हॉस्पिटलात किडनीवरच्या ग्रंथीत गाठ सापडली. दुर्मिळ केस! ऑपरेशन झालं, आणि मी, नवीकोरी रेसिडेंट डॉक्टर, लगेच मेडिकल जर्नलसाठी लिहायला बसले. माझा पहिला पेपर, आमच्या युनिटच्या मॅडमच्या हाताखाली!

पेशंटची लेखी संमती लागते, म्हणून तिला सगळं मराठीत सांगत होते.

"ही पन्नाशीतली महिला कोण?"

"तूच गं. नाव द्यायचं नसतं."

"का? म्या काय चोरी केली?" मग थांबून, "आन् ते टेन्शनवालं कुठं हाय?"

"मॅडमनी काढलं. शब्दमर्यादा असते."

"बरं तेवढंच बसलं नाय मर्यादेत!" पेन परत माझ्या हातात. मी वैतागले. म्हटलं, तुला डॉक्टरांवर सूड उगवायचाय का?

"सूड कशाला? तुझं वाचून डॉक्टर शिकणार ना? मग चुकलं कुठं, ते नको कळाया? आधी लिव्ह. मग सही."

ते वाक्य राहिलं, सही राहिली, आणि आत्या गेली. इतकी वर्षं त्या गाठीचा ताण सोसून तिचं हृदयच थकलं होतं. दहाव्यानंतर दादा म्हणाला, "आण, मी करतो सही. वाचून नको दाखवू." मॅडम म्हणाल्या, वारसाची संमती चालते. सगळं इतकं सोपं झालं की मलाच संशय यायला लागला. मी ते वाक्य परत घातलं आणि मॅडमना दाखवलं.

"अगं, टेन्शन म्हणणारे ते डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत," मॅडम हळूच म्हणाल्या.

म्हणजे शब्दमर्यादा वगैरे काही नव्हतंच!

पेपर अजून गेलेला नाही. त्या वाक्यासकट जाईल, नाहीतर राहील. काल ओपीडीत पिंपळगावची एक बाई आली, धडधड होते म्हणाली. जुन्या फाइलवर लिहिलेलं, टेन्शन. सोबतचा नवरा म्हणाला, "काही नाही हो, उगाच घाबरते." मी फाइल मिटली, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हटलं, "ताई, पहिल्यापासून सांगा."