बाबांचा पहिला शब्द

बाबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेली. हातापायाचं डॉक्टर काहीतरी सांगत होते. बोलण्याचं कोणीच सांगेना. स्पीच थेरपिस्टने आम्हाला चित्रांची कार्डं दिली. छत्री, आंबा, बैल. रोज दाखवा म्हणाली. गिरणीत उभा जन्म युनियनची कामं केलेले बाबा छत्रीच्या चित्राकडे मालकाने लावलेल्या नोटिशीकडे बघावं तसे बघायचे.

मी नोकरीला जायचे आणि आईला एकटीला त्यांना उचलणं जमेना, म्हणून भोईवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभरासाठी एक बाई ठेवली. पन्नाशीची, मूळची रत्नागिरीकडची, मुसलमान, चिंचपोकळीहून चालत यायची. आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो. ती आईला वहिनी म्हणायची आणि बाबांना भाऊ.

मावशीकडे प्रत्येक कामाची वेगळी दुआ होती. कपडे घालताना एक, आरशात बघताना एक, घराबाहेर पडताना एक. बाबांना अंघोळ घालून शर्ट चढवताना ती पुटपुटायची आणि मग बटणं लावायची. बाबा शिंकले तर शिंकणाऱ्याने देवाचे आभार मानायचे आणि ऐकणाऱ्याने त्याच्यासाठी दया मागायची, असा नियम होता. बाबा बोलू शकत नसल्यामुळे दोन्ही बाजू तीच सांभाळायची.

व्हीलचेअरवर बसवताना तर ती चांगलं लांबलचक काहीतरी म्हणायची. मी एकदा विचारलं.

"सवारीची दुआ," ती म्हणाली. "हे वाहन त्याने आपल्या ताब्यात दिलं, आपल्या अंगात ती ताकद नव्हती, असं आहे त्यात."

"व्हीलचेअरला पण?"

"चाकं आहेत ना?"



जेवणाआधी ती बिस्मिल्लाह म्हणायची आणि उजव्या हाताने भरवायची. आईने सुरुवातीला सुचवलं की चमचा त्यांच्या डाव्या हातात देऊन बघू. मावशी म्हणाली, "वहिनी, भाऊंचा उजवा झोपलाय तोवर माझा उजवा आहे." आईला हे पटलं. डाव्या हाताने जेवणं तिच्याही डोळ्यांना बघवणार नव्हतं.

तीन महिने असे गेले. मग एका रविवारी दुपारी मावशीने पेजेचा चमचा बाबांच्या तोंडाशी नेला आणि तेवढ्यात तिच्या मुलीचा फोन आला. एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्याने ती भरवायला लागली. बाबांनी तोंड मिटून घेतलं. तिने चमचा ओठांना टेकवला. बाबांनी मान वळवली आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "बिस्मिल्ला."

मावशीने फोन ठेवला. आई आतून धावत आली.

"मी शिकवलं नाही हो, वहिनी," मावशी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "खरंच नाही शिकवलं."

आई बाबांकडेच बघत होती. "दुसरा चमचा घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या चमच्यालाही बाबा तेच म्हणाले. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मीही रडले. बाबांनी पेज संपवली.

पुढच्या रविवारी लालबागचे काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. त्यांच्यासमोर बाबांनी बिस्मिल्ला म्हणून शिरा खाल्ला. काकांनी आपली बशी खाली ठेवली. मावशी समोर बसलेली असतानाच ते आईला म्हणाले, "वहिनी, ही बाई बदला. उद्या लोक विचारतील."

"काय विचारतील?"

"काय म्हणजे? हे काय बोलतायत ते!"

"बोलतायत," आई म्हणाली.

काका चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही. फोन लावला तर तिची मुलगी म्हणाली, आईला बरं नाहीये. मी रजा टाकली.

दुपारी आई चमचा घेऊन बाबांसमोर बसली. बाबांनी तोंड मिटून घेतलं. आदल्या दिवशी म्हटलेला शब्द त्यांना त्या दिवशी येत नव्हता. ओठ हलत होते, घशातून नुसती हवा येत होती. आई म्हणाली, खा हो. मग म्हणाली, माझ्यासाठी. मग तिने पदर खांद्यावर नीट घेतला. इकडेतिकडे बघितलं, खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि नवीन भाजीचं नाव वाचावं तसं म्हणाली, "बिस्‌-मिल्‌-ला."

बाबांनी तोंड उघडलं.

जेवण झाल्यावर आईने स्वतः मावशीला फोन लावला. "ताप आहे का?" तिने विचारलं. मावशी ताप नाही म्हणाली. "मग उद्या या," आई म्हणाली. "दिराचं मी बघते. तुम्ही घरात नसलात तर हे जेवत नाहीत."

मावशी मंगळवारी सकाळी आली. दारात थोडी घुटमळली, आईने तिच्या हातातली पिशवी घेतली, मग आत आली.

बाबांचे बाकीचे शब्द हळूहळू आले. नको, मीठ, पंखा, आईचं नाव, मग माझं. सहा महिन्यांनी काका पुन्हा आले तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "बस." काका बसले. मावशीने त्यांच्यासमोर शिऱ्याची बशी ठेवली आणि त्यांनी मान खाली घालून ती संपवली.  जाताना काकांनी दारातून मावशीला विचारलं, रत्नागिरीत गाव कुठलं. तिने सांगितलं. ते काकांच्या सासुरवाडीपासून एसटीचे दोन थांबे अलीकडे निघालं.