मंडईच्या रात्रीचा आकडा

रेणूताई सोनकुसरे यांनी मोजलेलं कुणी पुन्हा मोजत नसे. मोजायला बंदी नव्हती, पण आकडा तोच यायचा आणि मोजणाऱ्याचा अर्धा दिवस फुकट जायचा. भंडाऱ्यात हत्तीरोगाच्या तपासणीची जी खोली आहे, तिथलं खिडकीजवळचं मायक्रोस्कोप तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. साहेब आले आणि गेले, टेबलं बदलली, पंखा दोनदा बदलला, पण त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही.

हत्तीरोगाचे जंतू मोठे लबाड. दिवसभर अंगात कुठेतरी दडी मारून बसतात आणि रात्री रक्तात फिरायला निघतात. म्हणून गावोगाव जाऊन रक्त घ्यायचं ते रात्री, बोटाला टोचून, आणि काचपट्टी बघायची ती दिवसा. एका काचपट्टीवर डोळा लावून बसायचं, इंच इंच सरकायचं, आणि जंतू दिसला की नोंदवायचा. हे काम रेणूताईंना शिकवावं लागलं नाही. आंधळगावच्या कोष्ट्याची लेक ती. लहानपणी बाबांच्या मागाशी बसून काठाचे धागे मोजायची. एक धागा चुकला तर बाबा ओरडत नसत. जिथे चुकला तिथपर्यंत विणलेलं उलगडायला लावत, मग ते बोटभर असो की हातभर.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना नागपूरहून दामिनी नावाची एक मुलगी त्यांना शोधत आली. पीएच.डी. करत होती. रेणूताईंनी विचारलं, "कोणत्या रोगावर करून राहिली तू?"

"रोगावर नाही ताई, रोगावरच्या लेखांवर," दामिनी म्हणाली. "ज्या रोगांकडे जगाचं लक्ष नसतं, त्यांना दुर्लक्षित रोग म्हणतात. त्यांच्यावर कोण लिहितं, किती लिहितं, आणि एकाच्या लेखाचा दाखला दुसरे किती वेळा देतात, हे मी मोजते."

"मनजे तू बी मोजणारीच!" रेणूताई खूश झाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

दामिनीनं लॅपटॉप उघडला. गेल्या वीस वर्षांत लेख कसे वाढत गेले, त्याची रेघ चढत गेली होती. लिहिणारे बहुतेक मोठ्या शहरांतले नाहीतर परदेशातले. रोग आमचा, पाय आमचे, डास आमचे, आणि लेखाखाली नाव मात्र भलत्याच पत्त्याचं. पण आपल्या भागावरच्या लेखांत एक लेख सगळ्यांच्या वर होता. खैरटोला नावाच्या गावात हत्तीरोग जवळजवळ संपला, असं सांगणारा. अडीचशे काचपट्ट्या, त्यात एकीत जंतू. शेकडा शून्य पूर्णांक चार. शंभरात एकाहून कमी म्हणजे गाव रोगातून सुटलं, गोळ्या वाटणं बंद. त्या एका लेखाचा दाखला पुढे एकशे बारा लेखांनी दिला होता.

"एकशे बारा?"

"हो. आणि त्यातल्या सत्तर जणांनी तरी मूळ लेख उघडून पाहिला नसावा. पहिल्यानं पानाचा नंबर चुकीचा लिहिला, बाकीच्यांनी तोच चुकीचा नंबर उतरवला." परीक्षेत नक्कल करणारी पोरं पकडावीत तशी दामिनी हसली. "पण ताई, लेखाच्या शेवटी काय आहे ते बघा."

शेवटच्या ओळीत स्थानिक तंत्रज्ञ म्हणून आर. सोनकुसरे यांचे आभार मानले होते. लेख छापून आठ वर्षं झाली, पण रेणूताईंना तो कुणी दाखवला नव्हता. त्यांनी ती ओळ चारदा वाचली. मग खोलीभर पेढे वाटले. साहेबांनी त्या पानाची फ्रेम करून भिंतीवर लावली आणि निवृत्तीच्या सत्काराला तीच फ्रेम हातात देऊ, असं जाहीर करून टाकलं. रेणूताई महिनाभर त्या भिंतीकडे पाठ करून बसल्या नाहीत.

महिन्यानं खैरटोल्याचा प्रविण आला. चौतिशीतला शेतकरी, उजव्या पायाची चप्पल हातात धरून.

"पाच-सा महिने झाले जी, सूज उतरूनच नाई राहिली."

रेणूताईंनी पाय पाहिला आणि त्यांना समजलं. "गोळ्या खाल्ल्या होत्या का रे कधी? हत्तीरोगाच्या?"

"पयले वाटत होते घरोघरी. दोन-तीनदा खाल्ल्या. मंग बंदच झाल्या. आमचं गाव पास झालं मने."

"पास होऊन राहिलं तवा तुह्यं रक्त घेतलं होतं?"

"नाई जी. आमी मंडईले गेलतो. सारं गावच गेलतं नाटक पाहाले. घरी म्हातारे अन् लेकरं होते फक्त."

दिवाळीनंतर या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि लेकीबाळी, जावई, पाहुणे सगळे त्या गावात. शेजारच्या गावची मंडई असली की धडधाकट माणूस घरी थांबतच नाही. प्रविण हे सहज बोलून गेला. रेणूताईंनी त्याला औषध दिलं, पाय कसा धुवायचा ते दाखवलं, रात्री रक्ताला बोलावलं. तो गेल्यावर त्यांनी कपाटातून दहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं.

अक्षर त्यांचंच. अडीचशे नावं. वयाच्या रकान्यावरून बोट फिरवत गेल्या. सत्तर, बासष्ट, नऊ, आठ, पासष्ट. म्हातारे म्हणजे वर्षानुवर्षं इमानेइतबारे गोळ्या खाल्लेले. पोरांना अजून रोग चिकटायला वेळच मिळालेला नाही. जे शेतात राबतात, उघड्यावर झोपतात, गोळी हातात घेऊन खिशात टाकतात, ते वीस ते चाळीसमधले बाया-गडी यादीत जवळजवळ नव्हतेच. एक होता. इश्वर, वय अठ्ठावीस. त्याचा पाय मोडला होता म्हणून तो घरी खाटेवर होता. आणि अडीचशेत जंतू सापडला तो त्याच्याच रक्तात.

शेऱ्याचा रकाना कोरा होता. रेणूताईंनी आयुष्यात तो रकाना कोरा सोडला नव्हता. कुणी दारू प्यायलेला होता, कुणाला ताप होता, पाऊस आला, लाइट गेली, सगळं त्या लिहीत. खैरटोल्याच्या त्या रात्री मात्र एक अक्षर नाही.

का नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तपासणीचं पथक बाहेरच्या शहरातलं. त्यांच्या सरांनी फोन करून विचारलं होतं, "ताई, शुक्रवार घ्यायचा की शनिवार? तुम्ही तिथल्या आहात, तुम्हीच सांगा." शुक्रवारी खैरटोल्याच्या शेजारच्या गावची मंडई होती, हे रेणूताईंना माहीत होतं. पण शनिवारी आंधळगावची मंडई होती. भाऊ वाट पाहत होता, भाऊबीज राहिली होती, आणि नाटक तर वर्षभर डोळ्यांपुढे होतं. त्या म्हणाल्या होत्या, "शुक्रवार ठेवा, सर." एवढंच. शनिवारी त्यांनी माहेरी पहाटेपर्यंत नाटक पाहिलं, पोट धरून हसल्या. त्या रात्रीच्या बदल्यात एका गावाच्या गोळ्या गेल्या.

त्यांनी आधी ती फ्रेम भिंतीवरून उतरवली. साहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, "पुसाची आहे."

घरी नवऱ्याला सांगितलं. धर्मेंद्र यांचं साड्यांचं दुकान, माणूस शांत. पण तेही चिडले. "आता एक साल राहिलं तुह्यं. सत्कार आहे, नाव आहे. काहून उकरून राहिली? कोणाले ठावं आहे ते?"

"मले ठावं आहे ना," रेणूताई म्हणाल्या. "एकशे बारा लेखाईत माह्या हातची गलती विणून गेली. बाबा असते तर कुठून उलगडाले लावलं असतं, सांगा तुमीच."

धर्मेंद्र यांनी त्या बाबांचा स्वभाव भोगलेला होता.

मग रेणूताईंनी पथकाच्या त्याच सरांना फोन केला. लेख त्यांनीच लिहिला होता. सर नम्रपणे बोलले, पण आवाजात घाई होती. "ताई, एका गावानं काय होतं? शिवाय लेख जुना झाला."

"जुना असता तर बरं होतं, सर. लोकं तोच धरून राहिले. एकशे बारा जणांनी तेच एक गाव धरलं."

"तुम्ही पत्र लिहिलंत तर चूक तुमच्या नावावर जाईल, याचा विचार केलात?"

"माह्या नावाचे आभार छापले तुमी, सर. मंग गलती बी माह्याच नावावर छापा."

त्या रविवारी दामिनी आली आणि दोघींनी बसून पत्र लिहिलं. रेणूताई मराठीत सांगत, दामिनी इंग्रजीत उतरवत जाई. मंडई म्हणजे काय, हे परदेशी संपादकाला समजावण्यात एक दुपार गेली. तारीख मीच सुचवली, मला माहीत होतं, शेरा मीच लिहिला नाही, ही तीन वाक्यं दामिनीला सौम्य करायची होती. रेणूताईंनी ती होती तशीच ठेवायला लावली. शिवाय एक अर्ज त्यांनी कार्यालयात दिला. खैरटोल्याची तपासणी पुन्हा करावी, कारण पहिली चुकीच्या रात्री झाली, आणि रात्र मी निवडली. साहेब अर्ज वाचून बराच वेळ पेन फिरवत बसले. मग त्यांनी सही केली.

या वेळी तारीख शहरानं ठरवली नाही आणि रेणूताईंनीही नाही. त्या खैरटोल्याच्या आशा स्वयंसेविका चंद्रभागाबाईंकडे गेल्या. "बाई, गाव घरी कवा असते, ते तुमी सांगा."

चंद्रभागाबाईंनी बोटांवर हिशेब केला. "रोवणीत नका येऊ, थकून झोपतेत, उठाचे नाईत. मंडईत तर येऊच नका. धान चुरून झालं का या. त्या हप्त्यात गावात लगन बी नाई."

भाताची मळणी आटोपल्यावर, जानेवारीत, पुन्हा अडीचशे काचपट्ट्या झाल्या. या वेळी रेणूताईंनी त्या आधी दुसऱ्या तंत्रज्ञाकडे दिल्या, मग स्वतः पाहिल्या. दोघांचा आकडा एकच निघाला. नऊ. शेकडा तीन पूर्णांक सहा. गोळ्यांच्या पुढच्या फेऱ्यांत खैरटोला आणि आजूबाजूची वस्ती परत आली. नियतकालिकानं रेणूताईंचं पत्र उन्हाळ्यात छापलं, अर्धं पान, मागच्या बाजूला. जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. सत्काराला शाल मिळाली, नारळ मिळाला. फ्रेमचा विषय कुणी काढला नाही.

भाताची रोवणी आटोपल्यावर खैरटोल्याच्या शाळेत गोळ्या वाटायला बसायचं होतं. चंद्रभागाबाईंनी निरोप धाडला तशा रेणूताई पहिल्या बसनं गेल्या. वाटेत दामिनीचा फोन आला. जुन्या लेखाचे दाखले आता एकशे एकतीस झाले होते.

"अन् आपल्या पत्राचे?"

"एक," दामिनी म्हणाली. "तो माझ्याच प्रबंधात आहे."

रेणूताई बसमध्ये एवढ्या मोठ्यानं हसल्या की कंडक्टरनं वळून पाहिलं. पण मनाला लागलं ते लागलंच.

शाळेच्या ओसरीवर रांग लागली. गोळी समोरच गिळायची, खिशात न्यायची नाही. प्रविण आला, पायाची सूज थोडी उतरलेली, सोबत सात वर्षांची पोरगी, खुशबू. त्याची पाळी आली तसा तो म्हणाला, "मॅडम, एक इचारू? आमचं गाव तवा पास कसं काय झालतं?"

रांगेत मागे तीस-चाळीस माणसं होती. कागदात गडबड झाली, एवढं म्हणून भागलं असतं. खरं काय ते रेणूताईंनी सगळ्या जगाला छापून सांगितलं होतं, पण इंग्रजीत, अर्ध्या पानात. ज्या गावाचं होतं त्या गावाला सांगितलंच नव्हतं. हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं आणि लाज वाटली. मग त्या उठून उभ्या राहिल्या, मागच्यांना ऐकू जावं म्हणून.

"मंडईच्या राती रक्त घेतलं मनून पास झालं. ते रात मी सांगितली होती. दुसऱ्या दिवशी माह्या माहेरची मंडई होती, मले जाचं होतं."

चंद्रभागाबाईंचा गोळ्या मोजणारा हात थांबला. प्रविणनं आपल्या पायाकडे पाहिलं.

"मनजे तुमाले ठावं होतं, आमी घरी नाई मनून."

"हो. ठावं होतं."

"मंग आज काहून सांगून राहिल्या?"

"तू इचारलं मनून. खरं तर तू इचाराच्या आधीच सांगाले पाहिजे होतं."

प्रविण बाजूला सरला, ओसरीच्या खांबापर्यंत गेला, आणि रेणूताईंना वाटलं की हा पोरीला घेऊन निघून जाणार. तो परत आला. त्यानं पोरीला पुढे केलं. "आ कर," म्हणाला.

खुशबूनं तोंड वाकडं करत गोळी गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. रेणूताईंनी रजिस्टरात तिचं नाव लिहिलं, वय सात लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'जन्मापासून पहिलीच गोळी.' प्रविणनं वाकून तो रकाना सावकाश वाचला. मग त्यानं आपली गोळी मागितली.